प्रतिहल्ला वाचायला शिकताना: जर्मनी–मेक्सिको सामन्याचे पायरीपायरीने विश्लेषण

ज्या संघाकडे चेंडू जास्त वेळ असतो तोच संघ सामन्यावर हुकूमत गाजवतो आहे, असे पाहणाऱ्याला आपोआप वाटू लागते. १७ जून २०१८ च्या रविवारी मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियमवर जर्मनी आणि मेक्सिको यांचा फुटबॉल विश्वचषकातला साखळी सामना झाला, तेव्हा मीही तो तसाच पाहिला होता. आपल्याकडे सामना रात्री साडेआठला सुरू झाला. मेक्सिकोने तो १-० असा जिंकला आणि मी वहीत एकच ओळ लिहून ठेवली: जर्मनीने हल्ले केले, मेक्सिकोने मिळालेल्या एका संधीचे सोने केले. काही महिन्यांनी तोच सामना तीन रात्री बसून पुन्हा पाहिला, तेव्हा ती ओळ मुळातच चुकीची असल्याचे लक्षात आले. मेक्सिकोला एकच संधी मिळालेली नव्हती. पूर्वार्धात तशा संधी पुन्हा पुन्हा, बहुतेक वेळा मैदानाच्या एकाच बाजूने आणि एकाच कारणाने येत होत्या, आणि ते कारण जर्मनीच्या हल्ल्यातच दडलेले होते.

त्यानंतर मी कोल्हापुरातल्या सामन्यांच्या नोंदी करू लागलो आणि हळूहळू एक पद्धत हाताला लागली. आक्रमक संघ आणि प्रतिहल्ल्यावर, म्हणजे चेंडू हिसकावताच केलेल्या वेगवान उलट हल्ल्यावर, विसंबणारा संघ समोरासमोर येतात, त्या सामन्यांचे विश्लेषण नव्याने शिकणाऱ्यांसाठी ती इथे क्रमाने मांडतो आहे. उदाहरण जर्मनी–मेक्सिको सामन्याचेच घेतले आहे, कारण या प्रकारच्या लढतीत जे जे शिकण्यासारखे असते ते जवळजवळ सगळे त्या नव्वद मिनिटांत सापडते.

## सुरुवातीपूर्वी जमवायचे साहित्य

- संपूर्ण सामन्याचे चित्रीकरण. क्षणचित्रांवर विश्लेषण करता येत नाही, कारण त्यांत चेंडू गेल्यानंतरचे दिसते, आधीचे कापलेले असते.
- फिफाच्या संकेतस्थळावर मिळणारी दोन्ही संघांची अधिकृत यादी, म्हणजे अकरा खेळाडू, त्यांचे क्रमांक आणि बदली खेळाडू.
- मैदानाचे रिकामे आराखडे, किमान वीस प्रती. वहीच्या पानावर हाताने काढलेले चौकोनही चालतात.
- दोन रंगांची पेने आणि एक पेन्सिल. हालचाल पेन्सिलने दाखवावी, कारण ती पुन्हा पुन्हा खोडावी लागते.
- चित्र एकेका फ्रेमने पुढे नेता येईल असा प्लेअर. व्हीएलसीमध्ये ‘ई’ हे बटण दाबले की चित्र एक फ्रेम पुढे सरकते, आणि एवढे आपल्या कामाला पुरते.

महागडे सॉफ्टवेअर घेण्याची घाई करू नका. मी पहिले वर्षभर शाळेच्या वहीवर काम केले आणि आजही पहिली नोंद वहीतच करतो. संगणकावर आकडेमोड करण्याची सवय असेल, तर स्टॅट्सबॉम्ब या कंपनीने २०१८ च्या विश्वचषकातल्या सर्व सामन्यांच्या घटनांची नोंद सर्वांसाठी मोफत खुली केलेली आहे, तिचा पुढे उपयोग होईल. ती उघडण्याची वेळ मात्र सातव्या पायरीवर येते, त्याआधी नाही.

## १. पहिल्यांदा सामना नोंदी न करता पाहा

वही बाजूला ठेवून सामना एकदा अखंड पाहा. सामना संपल्यावर, आपल्याला काय घडले असे वाटते ते चार-पाच ओळींत लिहा आणि ते पान जपून ठेवा. पुढे नोंदींवरून जे चित्र उभे राहील ते या पानाशी ताडून पाहायचे आहे, कारण आपली नजर नेमकी कुठे फसते हे त्यातूनच कळते. माझी नजर चेंडूबरोबर धावत होती, आणि नव्याने पाहणाऱ्या बहुतेकांची तशीच धावते.

## २. मैदानाची आखणी करून घ्या

विश्वचषकाचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. लांबीचे तीन समान भाग केले की प्रत्येक भाग ३५ मीटरचा होतो. हे तीन भाग म्हणजे संघाची स्वतःची बाजू, मधला पट्टा आणि प्रतिस्पर्ध्याची बाजू. रुंदीचे पाच उभे पट्टे पाडा: दोन अगदी कडेचे, एक मधला आणि त्यांच्या दरम्यानचे दोन. पेनल्टी क्षेत्राच्या बाजूच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवल्या की कडेचे पट्टे आपोआप वेगळे होतात, त्यामुळे पडद्यावर पाहतानाही अंदाज चुकत नाही.

असे पंधरा चौकोन तयार होतात. त्यांना अंक द्या आणि दोन्ही संघांसाठी तीच अंकपद्धत कायम ठेवा. उत्तरार्धात संघ बाजू बदलतात, तेव्हा आराखडा फिरवायला विसरू नका. माझ्या सुरुवातीच्या नोंदींत याच चुकीमुळे डाव्या बाजूचे हल्ले उजवीकडे मोजले गेले आणि दोन रात्रींचे काम पुन्हा करावे लागले.

## ३. रचना कागदावरून उचलू नका, मैदानावर मोजा

अधिकृत यादीवरून पाहिले तर दोन्ही संघ ४-२-३-१ असेच खेळत होते, म्हणजे मागे चार बचावपटू, मध्ये दोन, त्यांच्यापुढे तीन आणि टोकाला एक. जर्मनीचा गोलरक्षक नॉयर. त्याच्यापुढे किमिच, बोआटेंग, हुमेल्स आणि प्लाटेनहार्ट. मध्ये खेदिरा व क्रूस, पुढे म्युलर, ओझिल, ड्राक्सलर आणि टोकाला वेर्नर. मेक्सिकोकडे ओचोआच्या पुढे साल्सेदो, आयाला, मोरेनो व गायार्दो, मध्ये हेरेरा व ग्वार्दादो, त्यांच्यापुढे लायुन, वेला, लोझानो आणि सर्वांत पुढे हाविएर हर्नांडेझ.

कागदावर दोन्ही संघांची आकडेवारी सारखी आहे म्हणून रचना सारखी, असा निष्कर्ष काढणे हा पहिला मोठा सापळा आहे. प्रत्येक संघाची रचना दोनदा काढा: एकदा त्याच्याकडे चेंडू असताना, एकदा नसताना. सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत चित्र दहा ठिकाणी थांबवा आणि दिसणाऱ्या प्रत्येक खेळाडूची जागा आराखड्यावर टिंबाने दाखवा. दहा आराखडे शेजारी शेजारी ठेवले की खरी रचना दिसू लागते.

जर्मनीकडे चेंडू असताना उजवा बचावपटू किमिच इतका पुढे जात होता की टिंबांवरून तो आघाडीचा खेळाडू वाटावा. म्युलर त्याला जागा करून देण्यासाठी आत सरकत होता. खेदिराही त्याच बाजूने पुढे चाल करत होता. मागे उरत होते ते बोआटेंग व हुमेल्स आणि त्यांच्यापुढे बहुतेक वेळा एकटा क्रूस. आता मेक्सिकोची चेंडू नसतानाची टिंबे पाहा. लोझानो पूर्ण मागे येत नव्हता, तर किमिचने मोकळ्या सोडलेल्या जागेच्या तोंडाशी थांबत होता. जर्मनीची उजवी बाजू म्हणजेच मेक्सिकोची डावी बाजू. दोन आराखडे एकमेकांवर ठेवून उजेडात धरले, तेव्हा सामन्याचा गाभा मला पहिल्यांदा दिसला.

लोझानोची ही जागा योगायोगाने ठरलेली नव्हती. मेक्सिकोचे प्रशिक्षक हुआन कार्लोस ओसोरिओ यांनी सामन्यानंतर सांगितले होते की, जर्मनीविरुद्धची आखणी सहा महिने आधी केलेली होती आणि तिच्यात बगलांवर वेगवान खेळाडू असणे हे ठरलेले होते. अशी विधाने उपयोगी असतात, परंतु ती आपली टिंबे काढून झाल्यावर वाचावीत. आधी वाचली तर आपण तेवढेच शोधू लागतो.

## ४. चेंडू गमावल्याचा प्रत्येक क्षण नोंदवा

प्रतिहल्ल्याच्या सामन्यात पास मोजण्यापेक्षा चेंडू कुठे आणि कसा गमावला हे मोजणे अधिक मोलाचे असते. आक्रमक संघाने चालू खेळात चेंडू गमावला की वहीत एक ओळ लिहा. त्या ओळीत सहा रकाने हवेत:

- सामन्याच्या घड्याळातली वेळ
- चेंडू गमावला तो चौकोन
- गमावणारा खेळाडू आणि हिसकावणारा खेळाडू
- त्या क्षणी चेंडूच्या मागे असलेले आक्रमक संघाचे खेळाडू, गोलरक्षक सोडून
- त्या क्षणी चेंडूच्या पुढे थांबलेले प्रतिहल्ला करणाऱ्या संघाचे खेळाडू
- पुढच्या दहा सेकंदांत काय घडले

वेळ लिहिताना पडद्यावरच्या सामन्याच्या घड्याळाचीच लिहा, चित्रफितीची लिहू नका. वेगवेगळ्या ठिकाणच्या चित्रफिती वेगवेगळ्या जागी सुरू होतात, त्यामुळे नंतर कोणतीच नोंद सापडत नाही.

चेंडू बाहेर गेला किंवा ऑफसाइडची (पास दिला जाताना खेळाडू बचावफळीच्या पलीकडे गेलेला असल्याची) शिट्टी वाजली, तर ती नोंद वेगळ्या खुणेने करा. खेळ थांबला की आक्रमक संघाला मागे परतायला वेळ मिळतो, म्हणून अशा गमावण्यातून क्वचितच धोका निर्माण होतो. कोणत्याही निमित्ताने खेळ थांबू देणे हीदेखील एक बचावाची युक्ती असते. समोरच्याचा आश्वासक हल्ला तोडण्यासाठी मुद्दाम केलेला फाउल हा नियमानुसार पिवळ्या कार्डाचा गुन्हा आहे, तरीही अनेक आक्रमक संघ ती किंमत जाणूनबुजून मोजतात. या सामन्यात जर्मनीच्या खेळाडूंना मिळालेली दोन्ही पिवळी कार्डे, म्युलरचे आणि हुमेल्सचे, ८० व्या मिनिटानंतरची आहेत. मेक्सिकोचे सर्वांत धारदार प्रतिहल्ले पूर्वार्धात झाले, तेव्हा ते कार्ड पत्करून अडवण्यासाठी कोणी जवळपास होते का, हे तुमच्या चौथ्या रकान्यावरून तपासा.

दूरचित्रवाणीवर एक अडचण नेहमी येते. कॅमेरा चेंडूभोवती असतो, त्यामुळे मागे थांबलेले बचावपटू अनेकदा चौकटीबाहेर असतात, आणि पुनर्दर्शन चालू असताना दहा-वीस सेकंदांचा खेळ तर दिसतच नाही. अशा वेळी अंदाजाने आकडा भरू नका. त्या रकान्यात ‘दिसत नाही’ असे स्पष्ट लिहा. पंधरा खऱ्या नोंदी चाळीस अंदाजांपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतात.

## ५. गोलापासून मागे मागे जा

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्यासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवावी. गोल पाहताना आपण शेवटच्या फटक्यापासून विचार सुरू करतो आणि तिथेच थांबतो. गोलरक्षकाने जवळची बाजू कशी सोडली, बचावपटू कसा चुकला, असे प्रश्न पडतात. ते प्रश्न वाईट नाहीत, पण प्रतिहल्ल्याच्या बाबतीत ते उशिराचे आहेत. फटका मारला जाण्याच्या क्षणी बहुतेक सगळे ठरून गेलेले असते.

३५ व्या मिनिटाला झालेला गोल घ्या आणि पाच ठिकाणी चित्र थांबवा.

पहिला थांबा फटक्याचा. लोझानो पेनल्टी क्षेत्रात डावीकडे आहे. त्याने चेंडू आत घेऊन उजव्या पायाने नॉयरच्या जवळच्या पोस्टकडून खालून मारला आहे. त्याने चकवलेला जर्मन खेळाडू कोण आहे, ते नीट पाहा. तो ओझिल आहे. संघाचा सर्जनशील खेळाडू, ज्याचे काम समोरच्या पेनल्टी क्षेत्राभोवती असते, तो स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात उजव्या बचावपटूच्या जागी उभा आहे. ओझिल चकला ही बातमी नाही. तिथे ओझिल होता, ही खरी नोंद आहे. तो एवढे अंतर मागे धावून आला याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

दुसरा थांबा हर्नांडेझने लोझानोकडे पास दिला तेव्हाचा. हर्नांडेझ चेंडू घेऊन मधून धावतो आहे आणि बोआटेंगसमोर एकाच वेळी दोन कामे आहेत: चेंडूवाल्याला अडवणे आणि डावीकडून धावणाऱ्याला झाकणे. एका माणसाला ही दोन्ही कामे करता येत नाहीत. हर्नांडेझने पास नेमका किती वेळ रोखून धरला, ते फ्रेम मोजून पाहा, कारण बोआटेंगला आपल्याकडे ओढून घेण्यासाठी तेवढा वेळ गरजेचा होता. प्रतिहल्ल्यात वेगाइतकाच हा संयमही लागतो, आणि उत्तरार्धात मेक्सिकोचे अनेक हल्ले याच जागी फसले.

तिसरा थांबा हर्नांडेझ आणि ग्वार्दादो यांच्यातल्या देवाणघेवाणीचा. मागून आलेला पास हर्नांडेझ गोलाकडे पाठ करून घेतो, एका स्पर्शात ग्वार्दादोकडे ठेवतो आणि स्वतः वळून धावत सुटतो. हुमेल्स त्याच्या पाठीला लागून पुढे आलेला असतो. ग्वार्दादोचा परतीचा पास आला तेव्हा हुमेल्स चेंडूच्या चुकीच्या बाजूला पडला, आणि दोन मध्यबचावपटूंपैकी एक हल्ल्यातून वजा झाला. याच थांब्यावर हर्नांडेझ मधल्या रेषेच्या कोणत्या बाजूला होता तेही पाहून घ्या. पास दिला जातो त्या क्षणी खेळाडू स्वतःच्या अर्ध्या मैदानात असेल तर तो ऑफसाइड ठरू शकत नाही. म्हणून बचावफळी मधल्या रेषेपर्यंत वर आणणाऱ्या संघाला प्रतिहल्ल्याच्या वेळी ऑफसाइडच्या नियमाचा आधार फारसा उरत नाही.

चौथा थांबा चेंडू गमावल्याचा. जर्मनीचा हल्ला मेक्सिकोच्या पेनल्टी क्षेत्राजवळ चालू असताना खेदिराकडून चेंडू जातो आणि मोरेनो तो ताबडतोब पुढे हर्नांडेझकडे देतो. आता मोरेनोवर लगेच धावून जाणारा जर्मन खेळाडू शोधा. आक्रमक संघाचा पहिला बचाव हा असतो: चेंडू गमावताच पहिल्या काही सेकंदांत, तिथल्या तिथे, पुढचा पास कठीण करणे. तो दबाव इथे आला नाही, म्हणून मोरेनोला मान वर करून पास देता आला.

पाचव्या थांब्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. चेंडू अजून जर्मनीकडेच आहे. गोलाच्या फटक्यापासून मागे जात, चेंडू जाण्याच्याही दहा सेकंद आधी चित्र थांबवा आणि मागे कोण उरले आहे ते मोजा. किमिच वर आहे, खेदिरा वर आहे, आणि मागची राखण दोघा मध्यबचावपटूंवर येऊन पडली आहे. खेदिराने चेंडू गमावला नसता, तर हे चित्र कोणाच्याही लक्षात आले नसते. पण हल्ला करणारा संघ चेंडू गमावणारच, कारण दर हल्ल्यात गोल होत नाही. प्रश्न असतो तो चेंडू गमावण्याची तयारी ठेवून हल्ला उभा केला होता का. सामन्यानंतर हुमेल्सने जाहीरपणे हेच बोलून दाखवले: सात-आठ जण हल्ल्याला गेल्यावर मागची बाजू उघडी पडते आणि अनेकदा तो व बोआटेंग दोघेच मागे उरत होते. आठवडाभर आधी, ८ जूनला, लेव्हरकुझेनमध्ये सौदी अरेबियाविरुद्धच्या सराव सामन्यातही, जो जर्मनीने २-१ असा जिंकला होता, हीच लक्षणे दिसली होती, असेही त्याचे म्हणणे होते.

या पाच थांब्यांचे पाच आराखडे काढा आणि उलट क्रमाने, म्हणजे पाचव्यापासून पहिल्यापर्यंत, भिंतीवर लावा. मग चौथ्या पायरीतल्या तुमच्या नोंदींमधून पूर्वार्धातले आणखी तीन-चार प्रतिहल्ले निवडून त्यांनाही हीच पद्धत लावा. पहिल्याच मिनिटात लोझानोला मिळालेली संधी, जी बोआटेंगने आडवे येऊन रोखली, तिच्यापासून सुरुवात करा. गोल झाला नाही म्हणून ती प्रसंगयादीतून गाळू नका. एकाच बाजूने तसाच हल्ला पुन्हा पुन्हा होत असेल तर तो अपघात नसतो, आणि हे दाखवण्यासाठी न झालेले गोलच पुरावा म्हणून लागतात.

## ६. आक्रमक संघाचे विश्लेषण तेवढ्याच आस्थेने करा

प्रतिहल्ला यशस्वी झाला की हरलेल्या संघाला निष्काळजी ठरवून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नका. जर्मनी गतविजेता संघ होता आणि त्याचे हल्लेही विचारपूर्वक उभे केलेले होते. ते अडले का, हे मेक्सिकोच्या बचावातून शोधावे लागते.

पाहण्याजोगी पहिली गोष्ट वेलाची आहे. तो नावाला आघाडीच्या मागचा खेळाडू होता, पण जर्मनीकडे चेंडू असताना त्याचे मुख्य काम क्रूसच्या आसपास राहणे हे होते. जर्मनीचा खेळ क्रूसच्या पायातून सुरू होतो. त्याच्याकडे जाणारी वाट अरुंद केल्यामुळे चेंडू वारंवार बोआटेंग आणि हुमेल्सकडे परत येत होता. मेक्सिकोने त्या दोघांना चेंडू बिनदिक्कत घेऊ दिला. दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. जोनास हेक्टर आजारी असल्याने तिथे प्लाटेनहार्ट खेळत होता, आणि तो बराच वेळ मोकळा उभा असूनही हल्ल्यांचा ओघ उजवीकडेच राहिला. मोकळा असलेला खेळाडू आणि चेंडू मिळणारा खेळाडू हे दोघे वेगळे असतील, तर त्याची नोंद अवश्य करा. त्यामुळे हल्ल्याला रुंदी मिळत नाही आणि समोरच्या बचावाला एका बाजूला दाटी करता येते.

तरीही जर्मनीला संधी मिळाल्याच. गोलानंतर काही मिनिटांतच क्रूसची फ्री-किक ओचोआच्या हाताला लागून क्रॉसबारवर आदळली. ती दोन बोटे खाली असती तर आज आपण या सामन्याबद्दल वेगळे बोलत असतो, हे विश्लेषण लिहिताना प्रामाणिकपणे नमूद करावे. निकाल बदलला असता, मात्र मागच्या राखणीचा दोष तसाच राहिला असता.

## ७. आकडे आता उघडा

इथपर्यंत आल्यावर आकडेवारी पाहा. चेंडूवरचा ताबा जर्मनीकडे सुमारे ६० टक्के होता आणि जर्मनीचे गोलाकडचे फटके मेक्सिकोच्या जवळजवळ दुप्पट होते. फटक्यांचा नेमका आकडा वेगवेगळ्या ठिकाणी एक-दोनाने वेगळा दिसेल, कारण अडवलेला फटका कोणता आणि क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलासमोर टाकलेला चेंडू, कोणता हे नोंदणारा माणूस ठरवतो. एकच स्रोत निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

हे आकडे खोटे नाहीत, पण त्यांना विचारायचा प्रश्न योग्य हवा. फटके किती, यापेक्षा फटका मारताना समोर किती बचावपटू होते, हे विचारा. जमलेल्या बचावापुढे लांबून मारलेला फटका आणि दोनच बचावपटू उरलेले असताना धावत जाऊन मारलेला फटका आकडेवारीत सारखेच मोजले जातात. स्टॅट्सबॉम्बच्या खुल्या नोंदीत फटक्याच्या क्षणी आसपास असलेल्या खेळाडूंच्या जागाही दिलेल्या आहेत, त्यामुळे दोन्ही संघांची अशी तुलना करता येते.

## ८. बदली खेळाडूंचा अर्थ लावा

उत्तरार्ध स्वतंत्र सामना समजून पाहा. ५८ व्या मिनिटाला ओसोरिओंनी वेलाला बाहेर काढून एडसन आल्वारेझ या बचावाकडे झुकलेल्या खेळाडूला आणले. दोन मिनिटांनी जर्मनीने खेदिराच्या जागी रॉइसला आणले, म्हणजे आधीच पातळ असलेली मधली फळी आणखी पातळ केली. ६६ व्या मिनिटाला लोझानो बाहेर गेला आणि राउल हिमेनेझ आला. त्यानंतर ग्वार्दादोच्या जागी ३९ वर्षांचा राफाएल मार्केझ आपल्या पाचव्या विश्वचषकात मैदानावर उतरला, आणि मेक्सिकोची मागची फळी पाच जणांची झाली. जर्मनीने अखेरीस बचावपटू प्लाटेनहार्टला काढून मारिओ गोमेझला आणले. शेवटी आलेल्या ब्रांटचा फटका पोस्टला लागून गेला.

या बदलांच्या आधीचे आणि नंतरचे आराखडे वेगळे ठेवा. मला त्यांतून असे दिसले की मेक्सिकोने मागे पाच जण जमवल्यावर बचाव दाट झाला, पण पुढे चेंडू धरून ठेवणारे आणि धावणारे पाय कमी झाले. त्यामुळे चेंडू मिळताच तो पुन्हा जर्मनीकडे जाऊ लागला. मोकळ्या जागा उत्तरार्धात अधिकच मोठ्या झाल्या होत्या, तरी लायुनसारख्यांचे फटके बाहेर गेले आणि काही हल्ले शेवटच्या पासात संपले. आघाडी टिकवण्यासाठी प्रतिहल्ल्याची धार किती बोथट होऊ द्यायची, हा प्रशिक्षकापुढचा खरा पेच असतो. माझ्या मते ओसोरिओंनी लोझानोला थोडे लवकर काढले. तुमच्या नोंदी वेगळे सांगत असतील तर त्यांवर विश्वास ठेवा.

## ९. लिहिताना एकच दावा करा

सगळ्या नोंदी हाताशी आल्यावर सर्व काही लिहून टाकावेसे वाटते. त्याऐवजी एका वाक्यात दावा मांडा, उदाहरणार्थ: ‘जर्मनीची उजवी बाजू हल्ल्याच्या वेळी झाकलेली नव्हती आणि मेक्सिकोने सामन्याची आखणी त्याच जागेवर केली.’ मग त्याला आधार देणारे तीन-चार प्रसंग, प्रत्येकाची वेळ आणि आराखडा द्या. दाव्याच्या विरुद्ध जाणारा किमान एक प्रसंगही द्या. ‘मानसिकता’, ‘जिद्द’, ‘भूक’ असे शब्द टाळा, कारण ते आराखड्यावर दाखवता येत नाहीत. पहिल्या पायरीतले ते जपून ठेवलेले पान आता काढा आणि त्यातली कोणती वाक्ये टिकली ते पाहा.

## १०. सराव कुठे करावा

शक्य असेल तर मैदानावर जाऊन पाहा. कोल्हापूरकरांना शाहू स्टेडियमच्या गॅलरीत ही सोय घरच्या घरी आहे, परंतु खाली रेषेजवळ न बसता सर्वांत वरच्या पायरीवर, मधल्या रेषेच्या समोर बसावे. तिथून दूरचित्रवाणीला न दिसणारे मागचे खेळाडू सतत नजरेत राहतात. चेंडू एका टोकाला असताना मुद्दाम दुसऱ्या टोकाकडे पाहण्याची सवय लावा. भोवतालचे प्रेक्षक ओरडत असताना ते सुरुवातीला फार अवघड जाते, तीन-चार सामन्यांनंतर जमू लागते.

घरी सराव करण्यासाठी त्याच विश्वचषकातला २ जुलै २०१८ चा, रोस्तोव्हमधला बेल्जियम–जपान सामना घ्या. जपान २-० असा पुढे होता, बेल्जियमने बरोबरी साधली, आणि भरपाई वेळेच्या चौथ्या मिनिटाला जपानच्या कॉर्नरमधून उलटून बेल्जियमने ३-२ असा विजयी गोल केला. कोर्ट्वाने चेंडू झेलून डी ब्रॉयनकडे सोडला, तिथून तो म्युनिएरकडे गेला, लुकाकूने मधला पास अंगावरून जाऊ दिला आणि शाडलीने गोल केला. चित्र कोर्ट्वाच्या हातात चेंडू असताना थांबवू नका. होंडा कॉर्नर मारायला चेंडू ठेवतो आहे तिथे थांबवा, आणि जपानचे किती खेळाडू मधल्या रेषेजवळ राखणीला उभे आहेत ते मोजून वहीत पहिली ओळ लिहा.